पाच मिनिटं जवळ बसवून वाचून घ्या

दुसरीतली मुलगी होती. जुलै महिना, बाहेर शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट. तिने पुस्तकातला धडा घडाघडा वाचून दाखवला, कुठे म्हणून अडखळली नाही. मी खूश. पण बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर, हे पान संपता संपता माझ्या लक्षात आलं. मग मी तळहाताने वरच्या ओळी झाकल्या आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "एवढा वाच गं." ती गप्प झाली. माझा हात हळूच बाजूला करून तिने पहिल्या ओळीपासून पुटपुटायला सुरुवात केली, बोट पुढे पुढे नेत त्या शब्दापाशी आली आणि म्हणाली, "ढग." तिथे लिहिलं होतं, "पाऊस".

धडा तिला पाठ होता. वाचता येत नव्हतं.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची आहे आणि अजून सलते, कारण पहिलीलाही ती माझ्याच वर्गात होती. तिची आई घरी विड्या वळायची. मी घरी गेले तेव्हा मांडीवरचं सूप बाजूला न ठेवताच तिने विचारलं होतं, "बाई, पोरीला वाचता येतंय ना?" पुन्हा पालकसभेला तेच विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणाले, "येईल हळूहळू, अक्का. लहान आहे अजून." न शिकलेल्या त्या बाईला जे खटकत होतं, ते डी.एड. झालेल्या मला वर्षभर दिसलं नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात २१ वर्षं शिकवल्यावर माझं ठाम मत झालंय. "येईल हळूहळू" हे वाक्य पहिली-दुसरीच्या वर्गातून हद्दपार करायला हवं. काही मुलांना येतं आपोआप. ज्यांना येत नाही ती मात्र तिसरीत अडकतात, कारण तिथे परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तक हातात येतं आणि गणितात शाब्दिक उदाहरणं वाढतात. वाचायला शिकायचं वय संपतं आणि वाचून शिकायचं सुरू होतं. मग गणितात मागे पडलेलं मूल खरं तर वाचनात मागे पडलेलं असतं, आणि आपण त्याच्याकडून पाढे घोकून घेत बसतो. पाचवीच्या वार्षिक परीक्षेत ते नापास होतं, फेरपरीक्षा होते, सगळे हळहळतात. तोवर चार वर्षं गेलेली असतात.

तपासायला काय लागतं? एका मुलामागे पाच मिनिटं. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचे लोक २००५ पासून 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत तेच करतात. मुलाला आधी चार सोप्या ओळींचा उतारा द्यायचा. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडलं तर सुटे शब्द, तेही नाही जमले तर अक्षरं. पाचपैकी चार शब्द आले तर ते मूल शब्दांपर्यंत पोहोचलं. इतकं साधं. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी होती २७.१ टक्के. आपलं शहर त्या पाहणीत येत नाही, पण म्हणून आपल्याला निर्धास्त राहता येणार नाही. 'निपुण भारत' हे केंद्र सरकारचं वाचन-गणिताचं अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं त्यात लिहिलंय, आणि त्यासाठी ठरलेलं वर्ष आहे २०२६-२७.

आता सोलापूरचं म्हणून जे आहे ते सांगते, कारण बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षणात ते कधीच येत नाही. इथे कितीतरी मुलांच्या घरी मराठी नाही, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात.

माझ्या वर्गात दोन मुलं शेजारी बसायची. दोघंही तपासणीत "शब्द" या पातळीला. एकाच्या घरी तेलुगू. त्याने वाचलं, "गाय चा-रा खाते." अक्षर न अक्षर बरोबर, पण "चारा"तला च त्याने "चार" या आकड्यातल्यासारखा म्हटला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी चित्रातल्या गवताच्या पेंढीवर बोट ठेवलं. त्याचा चेहरा उजळला. "गड्डी!" त्याला वाचता येत होतं, शब्द माहीत नव्हता. आपल्या लिपीत चार आणि चारा यांचा च एकच. मराठी घरातलं मूल ऐकलेल्या शब्दावरून उच्चार सुधारून घेतं, ह्याने तो शब्द ऐकलेलाच नव्हता. दुसऱ्याच्या घरी मराठी. गाईची गोष्ट त्याने चित्रं बघून इतकी रंगवून सांगितली की आजीने सांगावी. पण "भात" दाखवला तर "मात", आणि "घर"चं "धर". काना-मात्रा दिसली की अंदाज ठोकायचा.

तक्त्यात दोघांपुढे एकच खूण. करायचं काम मात्र पूर्ण वेगळं. पहिल्याला भरपूर बोलणं हवं, गोष्टी ऐकायला हव्यात, त्याच्या भाषेतला शब्द मराठी शब्दाशेजारी ठेवायला हवा. त्याला पुन्हा बाराखडी गिरवायला बसवणं म्हणजे शिक्षाच. दुसऱ्याला मोजकीच अक्षरं घेऊन लगेच शब्द करायला हवे होते. म, क, न आणि काना एवढ्यावर काम, नाक, कान, मान, मका, नाका होतात. क ते ज्ञ संपेपर्यंत थांबायचंच नाही. भ-म, घ-ध या जोड्या एकाच दिवशी शिकवायच्या नाहीत, एक पक्कं झाल्यावर दुसरं. सहा आठवडे रोज पाऊण तास मी पाच मुलांचा गट असा वेगळा घेतला. चार सुटली.

पाचवा सुटला नाही, आणि तेही तपासणीमुळेच कळलं. नीट शिकवूनही जे मूल हलत नाही, त्याचे आधी डोळे आणि कान बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना नाव घेऊन सांगा. माझ्या पाचव्याला फळा दिसत होता, पण कान वाहत असायचा. डोळे-कान ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन अडतं त्याचा, विचार करायचा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाळणी तयार केली आहे, पहिली-दुसरीसाठी वेगळी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळी, मराठीत आणि कन्नडमध्येही. ती चाळणी आहे, निदान नव्हे, निदान तज्ज्ञच करतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा मुलांचा समावेश आहे. तरीही आपण त्यांना एका अक्षरात निकालात काढतो: "ढ".

शिक्षकांकडे वेळ कुठंय, हा प्रश्न मला विचारू नका, मी तोच काळ जगतेय. निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं, रोजची माहिती भरणं. मला खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. तपासणी होते, पातळ्या ॲपवर चढतात, वरून "छान" असा मेसेज येतो आणि सोमवारी वर्गात तोच धडा पुढे सुरू होतो. आकडा वर गेला आणि मूल तिथेच राहिलं. एका शाळेत तर तपासणीच्या आदल्या दिवशी तोच उतारा पाठ करून घेतलेला मी पाहिलाय. डॉक्टर येणार म्हणून थर्मामीटर गार पाण्यात बुडवण्यातला प्रकार.

मदतीला माणसं लागतात, मोठ्या पदव्या लागतातच असं नाही. मुंबई आणि वडोदऱ्यात वस्तीतल्याच तरुणींनी 'बालसखी' म्हणून मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवलं आणि मुलं पुढे सरकली. हे ज्यांनी मोजून दाखवलं त्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, २०१९ चे नोबेल मानकरी. आमच्या भागात बारावी झालेल्या, तेलुगू-मराठी दोन्ही फाडफाड बोलणाऱ्या कितीतरी मुली घरी बसून आहेत.

पालकांनो, आज रात्री एवढंच करा. शाळेचं पुस्तक नको, ते पाठ असतं. किराण्याच्या पिशवीवरचं, दुकानाच्या पाटीवरचं, कॅलेंडरमागचं काहीही घ्या आणि मुलाला वाचायला सांगा. अडलं तर रागावू नका, उद्या बाईंना सांगा. आणि बाई "येईल हळूहळू" म्हणाल्या तर पुन्हा विचारा.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पहिली-दुसरीच्या पुस्तकांतले घरी न ऐकलेले मराठी शब्द आणि शेजारी मुलांनीच सांगितलेले तेलुगू शब्द. चारा – गड्डी, पाऊस – वान, विहीर – बावि. कन्नड आणि उर्दूचे रकाने अजून बरेचसे रिकामे आहेत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या किंवा उर्दू शाळांतल्या कुणी असं काही लिहून ठेवलं असेल तर मला कळवा, मी वही घेऊन तुमच्याकडे येते.