नेपोलियन जन्मला नव्हता तेव्हाच नाक गेले होते

गिझाच्या स्फिंक्सचा फोटो आणि खाली चार ओळी, हे फॉरवर्ड तुमच्याकडेही आले असेल. १७९८ मध्ये नेपोलियनने तोफ डागून स्फिंक्सचे नाक उडवले, कारण चेहरा आफ्रिकी दिसत होता. इजिप्तमधल्या बाकी पुतळ्यांची नाकेही युरोपियनांनी याच कारणाने तोडली, असा त्याचा आशय. पुरावा म्हणून स्फिंक्ससमोर घोड्यावर बसलेल्या नेपोलियनचे चित्र.

आधी त्या चित्राचेच बघू. ते जेरोम या फ्रेंच चित्रकाराने १८८६ मध्ये काढले, म्हणजे नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर ८८ वर्षांनी. शिवाय त्यातल्या स्फिंक्सला नाक नाहीच! नेपोलियन घोड्यावरून नुसता बघतो आहे. चित्र चिकटवणाऱ्याने ते मोठे करून पाहण्याचेही कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

आता तोफ. डॅनिश नौदल अधिकारी फ्रेडरिक नॉर्डेन १७३७ मध्ये इजिप्तला गेला आणि त्याने स्फिंक्स रेखाटला. ते रेखाटन १७५५ मध्ये छापून आले, त्यात नाक तुटलेले आहे. नेपोलियनचा जन्म १७६९ चा. यावर कुणी म्हणेल की त्याहून जुन्या चित्रांत नाक शाबूत दिसते. दिसते खरे. पण १७व्या शतकात स्फिंक्सचे असे चित्र छापणारा किर्चर इजिप्तला कधी गेलाच नव्हता. ऐकीव माहितीवर काढलेल्या चित्राची साक्ष किती धरायची?

खरी साक्ष दगडावर आहे. तोफगोळा बसला असता तर चेहऱ्याचा तो भाग फुटून विस्कटला असता. तिथे दिसतात त्या हत्याराच्या लांब खाचा: एक नाकाच्या वरच्या टोकाकडून खाली गेलेली, दुसरी नाकपुडीच्या खालून आत शिरलेली. पहारीसारखे काहीतरी ठोकून आत घातले आणि नाक एका बाजूला उचकटून काढले, असा पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांच्या पाहणीचा निष्कर्ष. हे काम हत्याराने, मुद्दाम केलेले आहे. १५व्या शतकातला इतिहासकार अल-मक्रीझी लिहितो की शेतकरी पिकासाठी स्फिंक्सला नवस-नैवेद्य करतात याचा संताप येऊन साइम अल-दहर नावाच्या सूफीने १३७८ मध्ये त्याचा चेहरा विद्रूप केला. नाक त्यानेच काढले की ते आधीच गेले होते, यावर अभ्यासकांत वाद आहे. नेपोलियन मात्र त्या वादात कुठेच नाही.

चेहरा लपवण्याचा मुद्दा तर फारच लंगडा. लपवायचेच होते तर जाड ओठ कसे राहू दिले? फ्रेंच प्रवासी व्होल्ने याने १७८७ च्या पुस्तकात हा चेहरा आफ्रिकी असल्याचे उघड लिहिले. खुद्द नेपोलियनबरोबर गेलेल्या देनोंनेही तेच नोंदवले. पुढे १९व्या शतकात इजिप्तला आफ्रिकेपासून तोडून दाखवण्याची खटपट युरोपात झाली, हे खरेच आहे. पण ती झाली पुस्तकांतून.

राहिले बाकीचे पुतळे. नाक पुढे आलेले, त्यामुळे पुतळा पडला की आधी तेच फुटते, एवढे साधे कारण पुष्कळदा पुरते. पण भिंतीवरच्या सपाट कोरीवकामातही नाकेच नेमकी खरवडलेली सापडतात, तिथे ते लागू पडत नाही. इजिप्शियन समजुतीप्रमाणे मूर्तीत आत्मा वस्तीला येतो. नाक गेले की तिचा श्वास बंद आणि ताकदही संपली. त्यामुळे ही तोडफोड बऱ्याचदा इजिप्शियनांनीच केली. राणी हातशेप्सुतचे पुतळे ख्रिस्तपूर्व १५व्या शतकात, तिच्यामागून राज्य करणाऱ्या तिसऱ्या थुतमोसच्या काळात फोडले गेले. तेव्हा कुठला फ्रेंच आणि कुठली तोफ!

स्फिंक्सचा चेहरा ज्याचा असे बहुतेक अभ्यासक मानतात, त्या खाफ्रे राजाचा काळ्या-करड्या कठीण दगडातला पुतळा कैरोच्या संग्रहालयात आहे. मानेमागे ससाणा पंख पसरून बसलेला, नाक जागच्या जागी. तो १८६० मध्ये स्फिंक्सशेजारच्याच मंदिरात उकरून काढला ऑग्युस्त मारिएत याने. हा मारिएत फ्रेंच होता.