नोटीस आली म्हणून चॅट उडवू नका

आंब्याचा सीझन संपला आणि हिशेबावरून वाजायला लागलं की बागायतदारांच्या ग्रुपवर तो मेसेज फिरतो, कोर्टात सही-शिक्क्याचा कागदच चालतो व्हॉट्सअॅप चालत नाही, फारच लागलं तर स्क्रीनशॉट बास, नोटीस आली की विरोधात जाणारं सगळं डिलीट करा कोणाला कळत नाही, आणि बाकी हिशेब दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहेच. मी रत्नागिरीत आंबा-काजूवाल्यांचे हिशेब बघतो. हा मेसेज माणसाला गोत्यात घालणारा आहे म्हणून लिहितोय.

व्हॉट्सअॅप चालतं. ईमेल चालतो, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा चालतो. आधी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. सोबत सर्टिफिकेट लागतं.

आणि तिथेच ‘स्क्रीनशॉट बास’ हे कोसळतं. सर्टिफिकेटचा एक भाग रेकॉर्ड देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाइलवरून निघणारी आकड्या-अक्षरांची लांब ओळ, आत एक अक्षर बदललं तरी ती बदलते. आता समजा वाशीच्या दलालाने पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदाचा, फोटो पाठवला, तुम्ही स्क्रीनशॉट घेतला, कडा कापल्या, मुलाला पाठवला, मुलाने सीएला, आणि गणपतीत जुना फोन एक्स्चेंजमध्ये गेला. सीएकडे काय उरलं? पेट्या, भाव, हमाली, भाडं दिसतंय, पण कुठल्या नंबरवरून कधी आलं, मागेपुढे काय बोलणं झालं, काहीच नाही. दलाल म्हणाला मी हे पाठवलंच नाही, तर? सुप्रीम कोर्टाने २०२० साली अर्जुन खोतकर प्रकरणात, जुन्याच कायद्याखाली, सांगितलं होतं की मालकाने स्वतः साक्षीला उभं राहून मूळ उपकरणच दाखवलं तर सर्टिफिकेट लागत नाही, कॉपी दिली तर लागतंच. म्हणून वादातला फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. चॅट एक्सपोर्ट जरूर करा पण ती साधी टेक्स्ट फाइल असते, कोणीही बदलू शकतो, मूळ फोनची जागा ती घेत नाही.

डिलीट करायच्या सल्ल्याचा तर मला खरंच राग येतो. ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा माल विक्रीचा वाद व्यावसायिक न्यायालयाच्या कक्षेत येतो, आणि तिथे दोन्ही बाजूंनी वादाशी संबंधित आपल्या ताब्यातली सगळी कागदपत्रं सुरुवातीलाच उघड करायची असतात, बाजूची असोत की विरोधातली, वर शपथेवर लिहून द्यायचं की आणखी काही लपवलेलं नाही. समजा दलालाने लिहिलं होतं ‘४० पेट्या डागी निघाल्या’ आणि तुम्ही उत्तर दिलं ‘ठीक, बघू’. तुमच्या फोनवरून ते डिलीट झालं, त्याच्या फोनवर आहेच की! तो ते कोर्टात ठेवणार, आणि मग पुढचं तुमचं खरं बोलणंसुद्धा कोणी खरं मानत नाही. लपवलेला पुरावा विरोधातलाच होता असं कोर्ट गृहीत धरू शकतं, आणि कोर्टात देणं भाग पडेल असा रेकॉर्ड तसं होऊ नये म्हणून मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा.

त्यापेक्षा नोटीस हातात पडली त्याच दिवशी आपोआप गायब होणारे मेसेज बंद करा, ते २४ तासांत, ७ किंवा ९० दिवसांत जातात. मुनीम, ड्रायव्हर, गडी, ज्याच्या फोनवर मालाचं बोलणं झालंय त्या सगळ्यांनाच सांगा. टॅलीचा बॅकअप तारीख टाकून वेगळा काढा, जुन्या एंट्रीला हात लावू नका, आणि फर्म कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून सॉफ्टवेअरमध्ये बदलाची नोंद राहणं सक्तीचंच आहे, गुपचूप दुरुस्ती दिसणारच. काजूवाल्यांनो, जीएसटीची वह्या-बिलं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात, वाद चालू असेल तर त्याहूनही जास्त.

राहिला दुकानातला कॉम्प्युटर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसली तेव्हा चोपड्या आणि हार्डडिस्क एकाच पाण्यात होत्या. एक कॉपी क्लाऊडवर आणि एक दुसऱ्या गावात नातेवाईकाकडे वरच्या मजल्यावर असू दे, मे संपायच्या आत.