ब्ल्यू स्विच सगळ्यांसाठी नाही हो

मेकॅनिकल कीबोर्डवरचा लेख मस्त जमलाय, पण टायपिंगसाठी सरसकट ब्ल्यू स्विच, म्हणजे कीखालचा टकटक वाजणारा खटका, घ्या म्हणताय ते काही पटलं नाही भाऊ. इकडे जळगाव-भुसावळला दोन खोल्यांच्या घरात पोरं रात्री जीसीसी-टीबीसीची (सरकारी कॉम्प्युटर टायपिंग परीक्षेची) प्रॅक्टिस करतात, त्या टकटकीने बाजूला झोपलेलं माणूस उठतं. ब्राऊन स्विच घ्या, बोटाला टप्पा कळतो आणि आवाज कमी. रेड हलका, ४५ ग्रॅमच्या आसपास दाबला की उमटतो, पण मराठी इनस्क्रिप्टला (मराठी अक्षरांच्या कीबोर्ड मांडणीला) शिफ्ट सारखा लागतो, नवख्याचं बोट चुकून शेजारी टेकलं तरी अक्षर येतं.

फुल साइज कीबोर्ड घ्या म्हणताय ते मात्र एकदम बरोबर, रावेरकडे केळीच्या हिशोबाला टॅली चालवणाऱ्याला नमपॅडशिवाय (उजवीकडच्या आकड्यांच्या कीजशिवाय) कसं जमणार.

कीकॅपचं, म्हणजे कीवरच्या टोपीचं बघा, स्वस्तातल्या एबीएस प्लॅस्टिकच्या की घासून गुळगुळीत होतात, इनस्क्रिप्टवाल्याच्या तर इंग्रजी ई आणि डीच्या की आधी चमकतात कारण काना आणि हलन्त तिथेच. थोडे पैसे जास्त गेले तरी पीबीटी प्लॅस्टिकच्या घ्या. मराठी अक्षरं छापलेला सेट बजेटमध्ये मिळणं अवघड, आणि स्टिकर मे महिन्यात घामाने सुटतात, त्यापेक्षा न बघता टाइप करायला शिका ना.

अजून एक, हॉटस्वॅप (सोल्डर न करता स्विच बदलता येतो असं) लिहिलंय म्हणून कुठलेही स्विच मागवू नका, काही स्वस्त बोर्डांत फक्त औटेमू कंपनीच्या स्विचच्या बारीक पिना जातात, गॅटेरॉन कंपनीचा बसत नाही. स्विच पाच पिनांचा असेल तर प्लॅस्टिकचे दोन पाय नेलकटरने उडवले की तीन पिनांच्या बोर्डात बसतो, ते चालतं.