मूल दाखवा, गाडीत बसा

मोठ्या माणसाला बागेतल्या छोट्या आगगाडीत बसायचं असेल तर सोबत मूल लागतं, हे मला रविवारी तिकीट काढून झाल्यावर कळलं. बाग नाशिकमधलीच. नाव सांगत नाही; पुन्हा जायचंय.

"साहेब, मूल कुठंय?" फाटकावरच्या पोराने विचारलं.

"नाशिकरोडला. सासरी."

"मग नाही बसता येणार. आणि तिकीट परत होत नाही."

मागे मफलरवाले एक काका केव्हापासून इंजिनाकडे तुच्छतेने बघत होते. इगतपुरीला गाडीवर होते म्हणे, आता रिटायर. "याला इंजिन म्हणतात? ट्रॅक्टरला पत्रा ठोकलाय!" मग माझ्याकडे वळले. "कसाऱ्याच्या घाटात सदतीसाला एक चढ, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढच्या इंजिनाच्या बापाच्यानं निघत नाही. मग मागून ढकलायला जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावायचा. तुमचंही तेच झालंय." एवढं बोलून त्यांनी आपला नातू माझ्या हातात दिला. "हा घ्या बँकर. वर पोचलात की सोडून द्या."

फाटकावरच्याने बँकरला विचारलं, "हे कोण रे तुझे?"

"माहीत नाही. कुल्फी देणारेत."

रांगेतल्या आयांनी आपापली पोरं जवळ ओढली. माझं वय बावन्न, डोक्यावर टक्कल, हातात दुसऱ्याचं पोर. काय सांगणार?

याच गावात १८८९ पासून मेन रोड ते नाशिकरोड स्टेशन अशी ट्राम होती, घोडे ओढायचे. तिकीट काढलेल्या माणसाला आधी पोर दाखव, असं तिथं कुणी म्हणत नसावं. १९३०नंतर ती बंद पडली आणि आता नाशिकरोडला निघालं की द्वारका चौकातल्या गर्दीत ताटकळायचं. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी ही अशीच छोटी गाडी आली, तिचं कौतुक अजून ऐकवतात. आमच्या या बागेत ट्रामच्या रुळाचा तुकडासुद्धा नाही. नियमांची पाटी मात्र नवीकोरी, शेवटी 'हुकुमावरून'. कुणाच्या, ते नाही.

शिट्टी झाली. "तिकीट वाया कशाला घालवता?" म्हणत काकांनी ते माझ्या हातून काढून घेतलं आणि नातवाला घेऊन पहिल्या डब्यात बसले. गुडघे हनुवटीला टेकलेले. त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांच्याकडे मूल होतं ना! वळणावर माझ्यासमोरून जाताना ओरडले, "ब्रेक ढिले आहेत हो! आणि कुल्फी दोन घ्या!"