प्रवासाला बावळट विणकामच न्यावं

सुट्ट्या जवळ आल्या की विणणाऱ्या मैत्रिणींमध्ये एक प्रश्न हमखास फिरायला लागतो: गाडीत काय विणायला नेऊ? उत्तरंही ठरलेली. बाळाचे बूट ने, टोपडं ने, मोजे ने. थोडक्यात काय, तर पर्समध्ये मावेल असं ने. माझं मत जरा वेगळं आहे आणि ते ऐकून बऱ्याच जणी नाक मुरडतात. नुसतं छोटं असून भागत नाही. प्रवासाचं विणकाम बावळट असावं लागतं.

म्हणजे कुठल्याही टाक्यावर खाली ठेवलं आणि तासाभराने उचललं, तरी पुढे काय करायचं हे त्याच्याकडे बघूनच कळलं पाहिजे. कारण गाडीत सलग दहा मिनिटं मिळत नाहीत हो. टीसी येतो. समोरच्या काकू "कुठवर?" विचारतात आणि मग त्यांच्या सुनेचं माहेर निघतं. चिपळूण आलं म्हणून कुणाची तरी बॅग सीटखालून ओढून द्यायची असते. वडेवाला तर जाळीची ओळ मोजत असतानाच येणार.

आता बाळाचे बूट घ्या. तळहातावर मावतात, लोकर जेमतेम लागते, म्हणून सगळ्या जणी तेच सुचवतात. पण चार ओळी झाल्या की टाके वाढवा, पुढे ते घटवा, नाडीसाठी भोकं ठेवा, वर परत शिवण. एक बूट कसाबसा जमतो, दुसरा त्याच्याच मापाचा करायचा तर पहिल्याच्या ओळी मोजत बसा. त्यापेक्षा सगळ्या ओळी सुलट असलेला साधा मफलर कितीतरी बरा. कोकण रेल्वेने दिवसा जाताना डब्यातले दिवे बंद असले आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला, तरी हात थांबत नाहीत. मफलर वाढत गेला की पिशवी फुगते, हे मान्य. म्हणून जाताना सुरू करावा, अर्धा झालेला नेऊ नये.

मोज्यांच्या बाबतीत मी निम्मी सहमत आहे. बारीक लोकरीची १०० ग्रॅमची लडी साधारण ४०० मीटर भरते, त्यात मोठ्या माणसाचा जोड होतो, आणि घोट्यापासून वरचा भाग म्हणजे नुसतं गोल गोल विणणं. तेवढाच भाग गाडीत करावा. टाच मात्र घरी, टेबलाशी, चहा बाजूला ठेवून. "मुंबईत लोकरीचे मोजे घालतं कोण?" असं विचारणाऱ्यांना सांगते, आमच्याकडचे मोजे न्यू जर्सीला जातात.

सुयांबद्दल तर मला भांडायचंच आहे. १४ इंची सरळ सुया घेऊन गाडीत बसणाऱ्या बायकांना शेजारणीच्या कोपराची काही फिकीरच नसते का? लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेल्या बाईला आधीच जागा नाही, त्यात तुमची सुई तिच्या बरगडीत. वायर असलेली गोल सुई घ्या. सरळ विणायचं असलं तरी तीच वापरता येते. विणकामाचं सगळं वजन मांडीवर राहतं आणि एक सुई हातातून निसटून सीटखाली घरंगळत गेली, असं होत नाही. वायर ३२ इंचांच्या पुढची असेल तर टोपीसारखं लहान गोलही तिच्यावर होतं. जास्तीची वायर मधून बाहेर काढून ठेवायची, बस. ही युक्ती २००२ साली अमेरिकेत छापलेल्या एका पुस्तिकेमुळे सगळीकडे पसरली. आणि हो, दुकानात मागताना लक्षात ठेवा, आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे चार. प्रवासाला लाकडी किंवा बांबूची असेल तर उत्तम, टाके घसरत नाहीत. रंग फिका घ्यावा. रात्री बर्थवरच्या निळ्या दिव्यात काळ्या लोकरीचा टाका दिसला तर मला कळवा.

क्रोशावाल्यांचं बरं आहे. एकच सुई, एकच जिवंत, म्हणजे सुईवर उघडा असलेला टाका, निसटला तरी फार काही उसवत नाही. चौकोन तर प्रवासासाठीच जन्माला आलेत. एक झाला की पिशवीत, दुसरा सुरू. २०१६ साली चेन्नईत मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या बायकांच्या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट करून गिनेसमध्ये विक्रम केला, तोही असाच, ठिकठिकाणी विणलेले तुकडे जोडून.

विमानाचं वेगळं. अमेरिकेत टीएसए, म्हणजे विमानतळावर सामान तपासणारी सरकारी संस्था, तिच्या यादीत विणकामाच्या सुया हातातल्या सामानात चालतात, पण शेवटचा निर्णय तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा, हेही तिथेच लिहिलेलं असतं. वाद घालण्यात अर्थ नाही. निघण्यापूर्वी चालू ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून एक वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवायचा. सुई काढून घेतली तरी विणलेलं शाबूत राहतं. आवडती महागडी सुई सरळ मोठ्या बॅगेत टाकायची.

चालता चालता विणणाऱ्या म्हणून स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या बायकांचे जुने फोटो इंटरनेटवर फिरत असतात. पाठीवरच्या टोपलीत पीट, म्हणजे दलदलीतून खणून वाळवलेलं जळण, आणि हातात विणकाम. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याचे केस भरलेली भोकं पाडलेली गादी. सुईचं एक टोक त्या भोकात खुपसलं की हात मोकळा. युक्ती अफलातून आहे, पण त्या फोटोंखाली "किती सुंदर, किती निवांत" असं वाचलं की माझं डोकं फिरतं. निवांत कसलं! विणलेल्या मालाचे व्यापारी रोख पैसे न देता चहा नि कापड असा माल देत. ती पद्धत इतकी बोकाळली की १८७२ साली सरकारी आयोगाला तिची चौकशी करावी लागली. घरापासून पीटच्या रानापर्यंतचा वेळही वाया घालवणं त्यांना परवडत नव्हतं.

आपल्याला परवडतं. मग प्रवासात ऑर्डरचं काम का न्यायचं? "गावाला पोचेपर्यंत भाचीचा स्वेटर संपवायचाय" म्हणणाऱ्या बाईला खिडकीबाहेरची वाशिष्ठीसुद्धा दिसत नाही. माझ्या प्रवासाच्या पिशवीतल्या विणकामाला मालक नसतो, तारीख नसते. कधी कधी ते काय होणार हेही ठरलेलं नसतं. गाडीत कुणी "मला पण एक टोपी करून द्या ना" म्हटलं तर मी सरळ नाही म्हणते. शिकायचं असेल तर मात्र जास्तीची सुई असतेच जवळ. पनवेलला सुरुवात केली तर रत्नागिरीपर्यंत टाके घालणं आणि सुलट ओळ कुणालाही येते. फक्त शेजारी जागा करून बसायचं आणि वडेवाला आला की मला आधी विचारायचं.