मोजणीत न आलेला प्रेक्षक

ताई,

टेलिग्रामवर फुटलेले सिनेमे बघण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण पहिल्यांदा वाचताना राग आला आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यातलं बरंच पटलं. तुमचे शब्द इथेच देतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ राहील:

"टेलिग्रामवर सिनेमा बघणाऱ्याला तुम्ही चोर म्हणता. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावातून पणजीला या, चौघांची तिकिटं काढा, मुलांना पॉपकॉर्न घ्या, परतीची बस चुकते म्हणून गाडी करा, आणि मग बोला. मराठी सिनेमा लागलाच तर सकाळी दहाला लागतो. 'सैराट' नेटवर फुटला होता, तरी चाललाच ना? आम्ही फोनवर बघितलं तर कुणाचं काय जातं?"

'चोर' हा शब्द मी मागे घेतो. घरात बसून आलेली लिंक उघडणारी बाई आणि थिएटरात अंधारात कॅमेरा लावून बसणारा माणूस यांना मी एकाच शब्दात बसवलं, ते चुकलं. कायदाही तसं करत नाही. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याचा रोख चित्रण करणाऱ्यावर आणि ती प्रत पसरवणाऱ्यावर आहे: तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड, जो चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तेवढं लक्षात ठेवून लिंक पुढे ढकलू नका, ही विनंती. त्या साइटवाल्यांची कमाई सट्ट्याच्या जाहिरातींवर चालते, आणि तुमच्या मुलांच्या हातात तोच फोन असतो.

खर्चाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. माझ्या लेखात मी ते दोन ओळींत उरकलं होतं. समजा तिकीट २३६ रुपयांचं आहे. त्यातले ३६ रुपये जीएसटीचे. उरलेल्या दोनशेची वाटणी होते. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यातला संप मिटला, तेव्हा हिंदी चित्रपटांसाठी पहिल्या आठवड्यात निम्मा वाटा वितरकाला, पुढे दर आठवड्याला कमी, असं ठरलं. पॉपकॉर्नचे पैसे मात्र सगळे थिएटरकडे राहतात. म्हणून पॉपकॉर्न महाग, आणि म्हणूनच बाहेरचा डबा दारावर अडवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण शनिवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्समध्ये शंभराचं तिकीट शोधून दाखवावं. तुमच्या घराला या सवलतीचा काडीचाही उपयोग नाही.

मी म्हापशाचा. आमच्या लहानपणी शुक्रवार म्हणजे बाजार आणि शुक्रवार म्हणजेच नवा सिनेमा. आई बाजार उरकायची, पिशव्या ओळखीच्या दुकानात ठेवायची आणि आम्ही 'अलंकार'मध्ये शिरायचो. सिनेमासाठी वेगळा प्रवास नव्हता, वेगळा दिवस नव्हता. तो बाजाराच्या वाटेवर होता. गोव्यातली अशी वाटेवरची थिएटरं एकेक करून मिटली. पणजीचा 'नॅशनल' कित्येक वर्षांपूर्वी बंद पडला. २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला, जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात मल्टिप्लेक्स उभं राहिलं, जगभरचे सिनेमे आम्ही पणजीत पाहिले, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण सत्तरी तिथून तितकीच लांब राहिली.

लोकांना बाहेर पडायचा कंटाळा आलाय, असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. तुमच्याच तालुक्यात जत्रेच्या रात्री देवळापुढे मराठी नाटक असतं आणि लोक पहाटेपर्यंत बसतात. मडगावला रवींद्र भवनात तियात्रांना, म्हणजे कोकणी नाटकांना, तिकीट काढून गर्दी होते, शंभरावे प्रयोग होतात. ती सगळी माणसं फोनवाली आहेत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. कुणाचं काय जातं?

माझा भाचा मुंबईत साउंड स्टुडिओत काम करतो. एका मराठी चित्रपटासाठी त्याने कित्येक दिवस फक्त पावसावर घालवले. कौलांवरचा पाऊस वेगळा, पत्र्यावरचा वेगळा, माडाच्या झावळ्यांवरून गळणारा आणखी वेगळा. फोनच्या स्पीकरमधून तिन्ही सारखेच फसफसतात. त्याला त्याचे पैसे मिळाले होते, त्यामुळे त्याचं काही गेलं नाही असंही म्हणता येईल. पण त्याच निर्मात्याचा पुढचा चित्रपट झाला नाही.

तो चित्रपट गोव्यात लागला तेव्हा मी गेलो होतो. मंगळवार, सकाळचा खेळ, आत आम्ही पाच जण. शुक्रवारी तो पडद्यावरून उतरला. मी मॅनेजरना विचारलं, तर म्हणाले, "गोव्यात मराठीला प्रेक्षक नाही." त्याच संध्याकाळी माझ्या ओळखीच्या चार घरांत तो चित्रपट फोनवर बघून झाला होता, आणि सगळ्यांना आवडला होता!

तुमचं जे जातं ते हे, ताई. पुढच्या आठवड्यात कुठला खेळ ठेवायचा, हे पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारच्या विक्रीवर ठरतं. टेलिग्रामवर बघणारा त्या हिशेबात नसतो. तुम्ही चित्रपट बघता, त्यावर रडता, चार जणींना सांगता, आणि तरी कागदावर तुम्ही नाहीच. मग सकाळी दहाचा खेळ सकाळी दहालाच राहतो, कारण संध्याकाळी कोण येईल याचा पुरावा कुणाकडे नाही. महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये वेळ देण्याचा सरकारी नियम आहे. तो गोव्याला लागू नाही. इथे आपल्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट आहे, विकलेलं तिकीट.

'सैराट'चं उदाहरण याच कारणाने मला पटत नाही. तो गावोगावी लागला होता, लोक ट्रॅक्टर-टेंपो भरून जात होते. शंभर कोटींवर गल्ला जमवणाऱ्या चित्रपटाला फुटलेली प्रत सोसते. ज्याला अख्ख्या गोव्यात एक खेळ आणि सात दिवस मिळतात, त्याला पन्नास माणसं कमी झाली तरी तो संपतो.

मी आता काय करतोय ते सांगतो. पुढच्या मराठी चित्रपटाच्या वेळी निर्माते आणि वितरक यांना पत्र लिहिणार आहे, की साखळीच्या रवींद्र भवनात शनिवारी एक तिकीट लावलेला खेळ करता येईल का ते पाहा. साखळी तुमच्या वाटेवर आहे, पणजीच्या निम्म्याहून जवळ. पत्रासोबत नावं जोडली तर त्याला वजन येईल. डिचोली-साखळीच्या काही वाचकांनी आधीच होकार दिलाय.

तुम्ही तुमच्याकडच्या दहा बायकांची नावं पाठवाल का? आणि साखळीहून तुमच्या गावाकडे जाणारी शेवटची कदंब बस किती वाजता सुटते तेही लिहा. पत्रात खेळाची वेळ तीच बघून टाकतो.