शाळा बंद ठेवा, पण आदल्या रात्री सांगा ना!

आधीच सांगून टाकते, थंडीत शाळा बंद ठेवायला माझी ना नाही. बाहेर हाडं गोठतायत, रस्त्यावर बर्फ साचलाय आणि तरी पोरांना बसमध्ये कोंबून पाठवा, असं म्हणणारी आई मी नाही. माझं भांडण वेगळं आहे. बंद ठेवायची तर खुशाल ठेवा, पण ते सकाळी सव्वासहाला कसलं कळवता? आदल्या रात्री काय तोंडं शिवली होती?

सव्वासहाला कळवणं म्हणजे काय, हे त्या मेसेज पाठवणाऱ्याने एकदा आमच्या दारात उभं राहून बघावं. आतले गरम कपडे, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, जाड पँट, मोज्यांवर मोजे, मग बूट. हातमोजा हा तर शुद्ध छळ आहे. दोन बोटं एकाच खणात घुसतात आणि अंगठ्याची जागा रिकामी लोंबत राहते. काढा, पुन्हा घाला. "हात सरळ धर." "सरळच धरलाय!" शेवटी जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली की धाकटे साहेब जाहीर करणार, "आई, शू आली." सगळं उतरवा, सगळं परत चढवा. तोवर मोठीला टोपी टोचायला लागलेली असते. एवढं सगळं होऊन दाराच्या कडीला हात लावला की फोन टुणकन वाजतो. "विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेला सर्वोच्च प्राधान्य देऊन आज शाळा बंद ठेवण्यात येत आहे." खाली बर्फाच्या माणसाचं चित्र आणि "घरी मजा करा!" मजा? कुणाची?

त्याहून भयंकर प्रकार म्हणजे "शाळा दोन तास उशिरा भरेल". हा निर्णय नाहीच मुळी, ही टोलवाटोलवी आहे. मी ऑफिसला कळवते की उशिरा येते, तिकडून थंडगार "ओके" येतं, आणि त्या दोन तासांतला दीड तास उलटला की दुसरा मेसेज, आज पूर्ण दिवस बंद. म्हणजे आता मला ऑफिसला दुसऱ्यांदा तोंड दाखवायचं. ऑफिस काही बंद नसतं बरं का. बर्फ फक्त शाळेवर पडतो, ऑफिसवर पडत नाही.

आणि मी तरी नशीबवान, लॅपटॉप उघडून घरी बसू शकते. नर्स काय करणार? बस चालवणारा, दुकानात उभी राहणारी, साफसफाईला जाणारी, ज्यांचा खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले, त्यांनी सव्वासहाला पोर कुणाच्या गळ्यात घालायचं? आठवीतल्या मुलीने घरी राहून पहिलीतल्या भावाला सांभाळायचं, हाच उपाय बऱ्याच घरांत निघतो. काही मुलांचं दिवसातलं धड जेवण शाळेतच होतं, त्यांचं त्या दिवशी काय होतं, हे त्या बर्फाच्या माणसाला विचारा.

"अहो, हवामानाचं काय सांगता येतं?" हे उत्तर ठरलेलं. मान्य, एखाद्या अंशाच्या फरकाने बर्फाचा पाऊस होतो आणि पावसाचा बर्फ. रात्री पडेल म्हणाले आणि काहीच पडलं नाही, असंही होतं. पण कडाक्याची थंडी अशी चोरपावलांनी येत नाही हो. ती दोन-दोन दिवस आधी अंदाजात दिसत असते. पारा इतका खाली जाणार, वारा इतका सुटणार, सगळं तासागणिक फोनवर असतं. उणे १८ अंश आणि ताशी २४ किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे २८ इतकं झोंबतं आणि उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो, म्हणजे कातडी गोठते. २००१ पासून अमेरिका आणि कॅनडा वाऱ्यासकट थंडीचा हिशेब एकाच सूत्राने करतात, कोष्टकं तयार आहेत. पोरं बसथांब्यावर किती वेळ उभी असतात ते शाळेला माहीत आहे. उणे ९ च्या खाली गेलं की रस्त्यावरचं साधं मीठ बर्फ वितळवायला फारसं कामाला येत नाही, हे रस्तेवाल्यांना माहीत आहे. हिवाळ्याचं डिझेल भरलं नसेल तर डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, हे बसवाल्यांना माहीत आहे. सगळ्यांना सगळं माहीत आहे, फक्त आदल्या रात्री नऊ वाजता ते एकत्र करून एक ओळ टाइप करायला कुणी तयार नाही. कारण चुकलो तर नाव खराब होईल! मग सकाळपर्यंत थांबा, खिडकीतून बघा आणि सांगा. खिडकी आमच्याकडेही आहे की.

उशिरा ठरवण्याची किंमत काय असते ते अमेरिकेतल्या अटलांटा शहराने २८ जानेवारी २०१४ ला दाखवलंय. बर्फ किती, तर जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर. सकाळी शाळा भरल्या, ऑफिसं भरली, दुपारी बर्फ सुरू झाल्यावर सगळ्यांना एकदम घरी सोडलं. सगळी गर्दी एकाच वेळी रस्त्यावर, रस्ते गोठलेले, आणि मीठ टाकणाऱ्या गाड्या त्याच कोंडीत अडकलेल्या. हजारो मुलांनी ती रात्र शाळेत काढली, काही बसमध्येच अडकून पडली. आदल्या दिवशी "उद्या बंद" एवढं म्हणाले असते तर हे झालं नसतं.

यावर काही बुजुर्ग हमखास उगवतात. "आमच्या वेळी गुडघाभर बर्फातून चालत जायचो, काही झालं नाही." तुम्हाला काही झालं नाही काका, बरं झालं. १२ जानेवारी १८८८ ला अमेरिकेच्या मधल्या सपाट भागात सकाळी छान ऊब होती म्हणून पोरं पातळ कपड्यांत शाळेला गेली आणि शाळा सुटायच्या सुमारास हिमवादळ आलं. त्यात २३५ माणसं गेल्याचा अंदाज आहे, त्यांत शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुलं होती. त्यांना वेळेत सांगणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे आहे, तरी आपण सव्वासहाची वाट बघतो.

आता नवीन शोध निघालाय, ऑनलाइन शाळा. बर्फाची सुट्टी म्हणजे निदान पोरं बाहेर लोळायची, गाल लाल करून घरी यायची, दुपारी आडवी पडायची. तेही गेलं. आता एका टेबलावर तीन स्क्रीन. माझी मीटिंग, मोठीचं गणित आणि धाकट्याचा वर्ग, ज्यात निम्म्या पोरांच्या कॅमेऱ्यात फक्त छत दिसतं आणि कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू असतो. बाई बिचाऱ्या "म्यूट करा, म्यूट करा" म्हणत घसा फोडतायत. त्यांचीही पोरं त्यांच्या घरी असणारच, त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. पहिलीतल्या पोराला पासवर्ड आठवत नाही, मला सापडत नाही. सापडला तर चालत नाही. अर्धा तास गेल्यावर वर्ग उघडतो आणि बाई म्हणतात, आता दहा मिनिटांची सुट्टी. दुपारी बारा पानांची फाइल येते, "प्रिंट काढून सोडवा". प्रिंटर कुणाच्या घरी असतो? आमच्याकडे आहे, त्यात शाई नाही. आणायला जायचं तर बाहेर जाऊ नका असं तुम्हीच सांगितलंय!

हे फक्त आमच्याच घरी होतं असं समजू नका. न्यूयॉर्कने १३ फेब्रुवारी २०२४ ला बर्फामुळे अख्ख्या शहराच्या शाळा ऑनलाइन घेतल्या आणि सकाळी असंख्य मुलांना लॉगिनच होईना. अमेरिकेतली सगळ्यात मोठी सरकारी शाळाव्यवस्था, आणि पोरं पहिल्याच पडद्यावर अडकलेली. तिथे ही गत, तर माझ्या टेबलावरच्या तीन स्क्रीनची काय कथा.

रात्री नऊला सांगा. "उद्या बंद." संपलं. मी डबे भरणार नाही, गजर लावणार नाही, शेजारणीशी बोलून ठेवीन की अर्धा दिवस तू बघ, अर्धा मी बघते. सकाळी लख्ख ऊन पडलं आणि तुमचा अंदाज फसला, तर फसू दे. एक दिवस उगाच सुट्टी मिळाली म्हणून कुठल्याही पोराचं वाटोळं होत नाही. चार पालक बोंबलतील, त्यांना माझ्याकडे पाठवा.

पण नाही. संध्याकाळी शाळेकडून काय यावं? "आजचा ऑनलाइन दिवस कसा वाटला? एक ते पाचमध्ये गुण द्या." मी एक दिला. त्याखालच्या सूचनांच्या चौकोनात दोनशे अक्षरांची मर्यादा आहे, पहिल्या परिच्छेदालाच भरला.